एकेचाळीस अंशांचं पाणी

वहीत त्रेचाळीस लिहिलं होतं.

धाकटीचा सकाळीच प्रयोगशाळेत फोन आला होता. "ताई, मला उशीर होतोय. माझ्या नळ्या अकराला गरम पाण्यात ठेवशील? वहीत सगळं आहे."

नळ्यांत माशीच्या चाव्यातून माणसाच्या रक्तात शिरणारे एकपेशी परजीवी होते. एकेचाळीस अंशांचा ताप चढला की ते पेशीतले निरोप वाहणाऱ्या आरएनएचे तुकडे जोडणं थांबवतात. स्वतःला वाचवणारे निरोप तेवढे पूर्ण करतात. धाकटीने तसं दाखवलं, तिचा शोधनिबंध छापूनही आला. ताईच्या नळ्यांत, पाणी तापवायच्या त्याच यंत्रात, दोन वर्षं काहीच थांबलं नव्हतं. "तुझ्या परजीवींना घाम फुटत नाही वाटतं," सर म्हणायचे. ताईला संशोधनासाठी मुदतवाढ द्यायची की नाही, हे समिती उद्या ठरवणार होती.

त्रेचाळीसला तर सगळे मरतील. घाईत चुकली असेल. ताईने मागचं पान उलटलं. त्रेचाळीस. त्याच्या मागचं. त्रेचाळीस.

पहिल्या पानावर, दोन वर्षांपूर्वीच्या तारखेखाली, टपोरं अक्षर होतं: 'ताई म्हणाली, यंत्राच्या आकड्यावर विसंबू नकोस, पारा बघ. पाहिला. यंत्र एकेचाळीस दाखवतं तेव्हा पाणी एकोणचाळीस. त्रेचाळीस लावायचं.'

ताईने स्वतः पारा पाहिला होता, तो यंत्र नवं असताना. तिने खणातला थर्मामीटर काढून पाण्यात धरला. यंत्रावर एकेचाळीस होतं. पारा एकोणचाळीसला जाऊन थांबला.

धाकटी धापा टाकत आत आली. "ठेवल्यास ना?" मग तिला उघडी वही दिसली. खांद्यावरची पिशवी तिने हळूच खाली ठेवली.

"रोज माझ्या शेजारी उभी असायचीस," ताई म्हणाली.

"मला वाटलं, तुला माहीत असेल."

"दोन वर्षं?"

"आधी तसंच वाटलं. मग सर तुला हसायला लागले, माझं कौतुक करायला लागले. तेव्हा कुठल्या तोंडाने सांगणार होते?"

ताईने आकडा त्रेचाळीसवर नेला. पारा एकेचाळीसला चढला. अकराच्या ठोक्याला तिने धाकटीच्या नळ्या एकेक करून पाण्यात उभ्या केल्या. जाळीत एक जागा उरली. तिथे तिने आणखी एक नळी ठेवली.

"ही कुणाची?"

"माझी," ताई म्हणाली. "पहिली."