शनिवारी हरायचं

"शनिवारी हरायचं," फोनवरचा माणूस म्हणाला.

त्सुंगच्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी होती. ती घसरून जमिनीवर पडली.

"कोण बोलतंय?"

"तुझ्या आईच्या टपरीवरून आत्ताच मासळीच्या गोळ्यांचं सूप पिऊन आलो. काय हात आहे माउलीचा! पहाटे एकटीच बाजारात जाते ना? जपून चाल म्हणावं. बंदरातले रस्ते निसरडे." तो थांबला. काहीतरी चघळत होता, बहुधा सुपारी. "इतकी वर्षं एकदाही वाकडं पाऊल टाकलं नाहीस म्हणे. एकदा टाकून बघ."

फोन बंद झाला.

लुओ वेन-त्सुंग तैवानमधल्या कीलुंग या बंदराच्या गावच्या बास्केटबॉल संघाचा कर्णधार होता. गोदीतल्या हमालाचा मुलगा. शाळेच्या गळक्या हॉलमध्ये, पाण्याच्या बादल्या चुकवत चेंडू पळवायला शिकला आणि त्याच कसबावर पुढे व्यावसायिक खेळाडू झाला. उंची बेताची, उडी बेताची, पण हात कधी थरथरला नाही. तो फ्री थ्रोला उभा राहिला की समोरचे पाठीराखे शिट्ट्या मारायचाही कंटाळा करत. आता दोन्ही गुडघे कापून शिवलेले होते. हा शेवटचा हंगाम. शनिवारी ताइनानला हरवलं की संघ अंतिम फेरीत, आणि ताइनानचा मुख्य खेळाडूच जायबंदी होता. कीलुंग जिंकणार हे शेंबडं पोरही सांगत होतं.

तो तसाच लंगडत टपरीवर गेला.

"आई, चार दिवस ताइतुंगला मावशीकडे जाऊन ये."

"का रे?"

"असंच. हवापालट."

"तुझा बाप बोट बुडत असती तरी 'असंच' म्हणाला असता. खरं बोल."

त्यानं खरं सांगितलं. आईनं पळी खाली ठेवली.

"म्हणजे तो टोपीवाला! दोन आठवडे रोज येतोय मेला. मला भला वाटला. तुझं लहानपण विचारायचा. शाळेत चेंडू तुझ्या हाताला लागून बाहेर गेला, पंचाला दिसलं नाही, तरी तू होऊन हात वर केलास नि सामना घालवलास, ती गोष्ट तर दोनदा सांगायला लावली."

"जा ना गं मावशीकडे."

"मी नाही जायची. रोज कोळ्यांशी भांडून मासळी आणते मी. हा सुपारीवाला मला काय भीती घालणार? आणि तू ऐक, आ-त्सुंग. हरायचं तर दमून हर. घाबरून हरलास तर इथं जेवायला येऊ नकोस."

बोलणं तिला सोपं होतं. पोलीस चौकीपाशी जाऊन तो दोनदा परत फिरला. आत कोण कोणाचा माणूस असेल, काय भरवसा? सराव करताना दार वाजलं तरी मान वळायची. शेवटी त्यानं बापाच्या दोन जुन्या दोस्तांना आईच्या सोबतीला बसवलं. तरी जीव थाऱ्यावर नव्हता.

सामन्याच्या आधी प्रशिक्षक फांग यांनी त्याला बाजूला घेतलं.

"गावात कुजबुज आहे. तू विकला गेलास म्हणतात."

"नाही, कोच."

"मग तोंड का उतरलंय?"

"गुडघा दुखतोय."

"मी तुला खेळवतोय. माझं नाक कापू नकोस."

दुपारी स्टेडियम खचाखच भरलं होतं. पुढच्या रांगेत करडी टोपी घातलेला एक गोल चेहऱ्याचा माणूस सुपारी चघळत होता. त्यानं त्सुंगला बघून मान हलवली, ओळखीच्यासारखी.

त्यानंतर त्सुंगचे हात त्याचे राहिले नाहीत. सोपे पास भलतीकडे गेले. हातातला चेंडू दोनदा निसटला. "विकाऊ!" कोणीतरी ओरडलं, मग सगळी गॅलरी ओरडू लागली. जिंकलेला सामना हातातून चालला होता. संघातला उंचपुरा चियांग पाणी पिताना गुरगुरला, "दादा, खेळायचं नसेल तर बाहेर बस. आम्ही मरतोय इथं."

शेवटचे काही सेकंद उरले. कीलुंग एका गुणानं मागे. त्सुंग चेंडू घेऊन आत घुसला आणि ताइनानच्या खेळाडूनं त्याला आडवा केला. दोन फ्री थ्रो, प्रत्येकाला एक गुण.

तो रेषेवर आला. टोपीवाल्यानं चघळणं थांबवलं होतं. आई या वेळी एकटी तर नसेल? ते दोघं म्हातारे जागेवर असतील ना? दोन्ही चेंडू हुकवले की ती सुखरूप. हुकवणं तर किती सोपं.

घाबरून हरलास तर जेवायला येऊ नकोस.

पहिला चेंडू कड्यावर नाचून आत पडला. दुसरा कड्याला न शिवता गेला.

स्टेडियम डोक्यावर घेतलं लोकांनी. चियांगनं त्याला उचललं. तो धडपडत खाली उतरला आणि खेळाच्या कपड्यांतच टॅक्सीत बसला. आई फोन उचलत नव्हती. रस्ताभर तो पुन्हा पुन्हा लावत राहिला.

आई टपरीवरच होती, धडधाकट, रेडिओचा आवाज मोठा करून. फोनबिन तिला ऐकूच गेला नव्हता. त्सुंग बाकावर कोसळला आणि लहान पोरासारखा रडला. तिनं त्याच्यापुढं सूप ठेवलं.

दोन घोट घेतले असतील नसतील, तोवर दारात करडी टोपी उभी राहिली. दोन्ही म्हातारे उठले. आईनं सुरी उचलली. त्सुंग तिच्यापुढं आडवा झाला.

"तिला हात लावू नका. काय करायचं ते मला करा."

त्या माणसानं टोपी काढली आणि कमरेत वाकून त्याला नमस्कार केला.

"अरे, मी तर आभार मानायला आलोय. तू विकला गेलास ही आवई मीच उठवली होती; ती खरी वाटावी म्हणून तुला फोन केला, आणि तू मुद्दाम हरणार नाहीस हे माउलीच्या गोष्टीवरून मला ठाऊक होतं. सगळ्या कीलुंगनं तुमच्या हरण्यावर पैसे लावले, जिंकण्यावर मी एकट्यानं. अंतिम सामन्यालाही असाच प्रामाणिकपणे खेळ."