पायरीवरची कळशी

श्रावस्तीने कप हातात घेतला नाही.

“आज चहा नको, आजी.”

धुरपदाबाईंचा पुढे आलेला हात तसाच राहिला. “का गं? मागल्या खेपेला साखर कमी पडली व्हय?”

“बोअरच्या पाण्याचा हाय.”

ओसरीवर टेकून बसलेला कोंडीराम हसला. तो धुरपदाबाईंचा मुलगा. “काल पारावर म्याच म्हणलं हिला. पाणी एवढं वाईट, तर तू कशी घरोघर चहा ढोसतीस? लागलं वाटतं मनाला.”

“खरं बोलला तुमी, काका. म्हणून तर सोडला.”

गावच्या टाकीत बोअरचं पाणी पडायला लागून बरीच वर्षं झाली. त्या पाण्यात फ्लोराईड आहे आणि ते उकळून जात नाही. धुरपदाबाईंची कंबर त्यानेच वाकली. कोंडीराम गुडघ्यांवर हात दिल्याशिवाय उठत नाही. आता त्याच्या लहानग्या नातीचे, राजनंदिनीचे पाय बाहेरच्या बाजूला वळू लागले आहेत. पाणी आत्ता बदललं तर पाय सुधारतील, पुढे सांगता येणार नाही, असं डॉक्टरांनी तिच्या आईला, अर्पिताला सांगितलं होतं. दोघींना दवाखान्यात श्रावस्तीनेच नेलं होतं.

श्रावस्ती कळंबच्या एका संस्थेत पाण्याचं काम करते. गाव तिचंच. वर्षभर तिने काही करायचं बाकी ठेवलं नाही. फलक लावले, शाळेतल्या पोरांची फेरी काढली, देवळापुढे भारूडसुद्धा केलं. लोक ऐकत, माना हलवत आणि परत टाकीखाली घागरी लावत. संस्थेचे प्रेमानंद सर म्हणत, “आकडे सांगू नको, भीती घालू नको. त्यांच्या घरात बस, त्यांच्यासारखी बोल.” ती घरोघर बसू लागली. तरी काही हललं नाही. आपल्या सांगण्यातच काहीतरी कमी आहे, असं तिला वाटत राहिलं.

घरात बसलं की चहा येई. तो तिने आजवर कधी नाकारला नव्हता. तिचा आजा याच घरी कामाला यायचा आणि खाली अंगणात बसून चहा प्यायचा. त्याचा कान तुटलेला कप गोठ्याच्या वळचणीला खोचलेला असे. पिऊन झालं की तो आपल्या हाताने धुऊन परत तिथेच ठेवायचा. श्रावस्ती पहिल्यांदा आली, तेव्हा धुरपदाबाईंनी तिला ओसरीवर बसवलं आणि घरातल्या कपात चहा दिला. घरी जाऊन तिने ते सांगितलं.  आजा म्हणाला, “दिला तर न्हाय म्हणू नगं, बाळा.”

आजा पावसाळ्यात वारला. ती आज पहिल्यांदा नाही म्हणाली.

पण ती रिकाम्या हाताने आली नव्हती. येताना तिने डोक्यावरून एक कळशी आणली होती. तोंडाला फडकं बांधलेली ती कळशी पायरीवर होती.

“चहा ह्या पाण्याचा करा,” ती म्हणाली. “मी पिते. तुमी प्या, पोरीला पाजा. तपासून आणलंय. चांगलं निघालं.”

“कुठलं हाय?” कोंडीरामने विचारलं.

“भीमनगरचं. आमच्या आडाचं. उन्हाळ्यात बी आटत न्हाय, काका. समद्या गावाला प्यायला पुरंल.”

कोंडीरामचं हसू गेलं. तो रागावला नाही. त्याने फक्त एकदा रस्त्याकडे बघितलं, कुणी उभं आहे का ते.

तेवढ्यात राजनंदिनी भिंतीला धरून, पाय फाकत बाहेर आली. तिला तहान लागली होती. मागून अर्पिता पेला घेऊन आली. ती थेट पायरीपर्यंत उतरली. खाली बसून तिने फडक्याची गाठ सोडली. आतलं पाणी काठोकाठ होतं.

कोंडीराम खाकरला.

अर्पिताची बोटं थांबली. तिने सासऱ्याकडे पाहिलं नाही, श्रावस्तीकडेही पाहिलं नाही. गाठ पुन्हा पहिल्यासारखी बांधली आणि आत गेली. माठात पेला बुडवल्याचा आवाज बाहेर आला. मग बाहेर येऊन तिने तो पेला लेकीच्या तोंडाला लावला. पोर घटाघट प्याली.

 श्रावस्ती म्हणाली, “आजी, मला नीट सांगता आलं न्हाय का? कळलं न्हाय का तुमाला?”

“कळलं की. पहिल्याच दिवशी कळलं समद्यांला.”

धुरपदाबाई काठीवर भार देऊन उठल्या. गार झालेला चहा त्यांनी अंगणात ओतला. रिकाम्या कपाकडे त्या थोडा वेळ बघत राहिल्या. मग नातीची समजूत घालावी तशा हळू आवाजात म्हणाल्या, “घरातला कप दिला हुता ना तुला, बाई. मग कळशी कशाला आणलीस?”