वरून येणारी ठकठक

ड्रॅगलाइन या महाकाय खोदयंत्राच्या केबिनमध्ये पर्यटक दाटीनं उभे होते. त्याची अजस्र बकेट खाली जुनी भुयारी खाण उघडी करत होती. तीस वर्षांपूर्वी ती खाण खचली, तेव्हा दिवाकरचा बाप आतच राहिला होता. आज दिवाकर म्हाताऱ्या आईला, पंचफुलाबाईंना, ती जागा दाखवायला घेऊन आला होता.

"कोळशात मुरलेले आवाज आपलं यंत्र खोदता खोदता वाचतं," गाइड मुलगी म्हणाली. "आता अपघाताचा थर."

स्पीकरमधून ठकठक आली. खालून कुणीतरी दगडावर ठोकत होतं. लगेच वरून तशीच ठकठक उमटली.

"वरची माझी," पंचफुलाबाई म्हणाल्या. "मीच ठोकत होती, वरवंट्यानं."

दिवाकरनं मान खाली घातली. आत कुणी जिवंत नाही, असं तेव्हा खाणीच्या साहेबांनी सांगितलं होतं. खाणीच्या वरच असलेल्या क्वार्टरच्या फरशीला कान लावून बसणाऱ्या आईला वेड लागलं, असं शेजारी म्हणत होते. तिच्या हातातला वरवंटा त्यानंच हिसकावला होता आणि तिला मामाकडे नेऊन सोडलं होतं.

"इथं वरचा आवाज थांबतो," गाइड उत्साहानं म्हणाली. "खालचा मात्र आणखी जोरात येतो. फार लांबतो, म्हणून आम्ही कापलाय. पूर्ण ऐकायचा असेल तर हेडफोन आहेत."

पंचफुलाबाईंनी हेडफोन उचलला, लेकाच्या कानांवर बसवला आणि दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरला.

"लाव, पोरी. संपेपर्यंत लाव."