घटाची माती

नुकसानीचा पंचनामा करायला आलेल्या बोंद्रेसाहेबांनी यंत्राची सळई तिसऱ्यांदा मातीत खुपसली आणि मान हलवली. "मावशी, कसणाऱ्याच्या अंगावरचे जंतू मातीत उतरतात. ते सापडले तरच वहिवाट धरतात, मग भरपाई. इथे तुमचं काहीच नाही."

"मालक शहरात. चाळीस वर्सं मीच कसतीया हे रान," केराबाई म्हणाल्या. "खंडाचा कागद हाय की."

"कागद आता चालत नाही."

"कारखान्याचं पाणी शिरलं अन् सगळं मेलं. जंतू तरी कसं ऱ्हातील?"

"त्याआधीची मूठभर माती घरात असेल तर बघा."

केराबाईंना घट आठवला. नवरात्रात याच रानातली माती घरी नेऊन त्यांनी त्यात धान्य पेरलं होतं. पण घटाची माती घरात ठेवायची नसते. दसरा झाल्यावर त्यांनी ती रीतीप्रमाणे रानात परत टाकली, आणि आठव्या दिवशी पाणी शिरलं.

सळईशेजारीच मातीवर तळवे टेकून त्या बसल्या. थोड्या वेळाने यंत्र वाजलं. बोंद्रेसाहेबांनी पडदा वाचला. "वहिवाट लागली, मावशी. आजपासून."

"अन् नुकसान?"

"ते तुम्ही यायच्या आधीचं."