यादीतल्या नऊ जणी

अनसिंगजवळच्या एका गावात संस्थेनं तीस मुलींना सायकली दिल्या, तेव्हा कार्यकर्ती सुचितानं बदलाचा आराखडा स्वतःच्या हातानं शाळेच्या भिंतीवर चिकटवला होता. सायकल मिळाली की मुलगी शाळेत जाईल, शाळेत गेली की तिचं लग्न लांबेल. तीन वर्षांनी हे खरं झालं का ते तपासायला पुण्याहून साहेब आले, आणि सुचितानं त्यांच्यापुढं त्या तीस मुलींतल्या नऊ जणींची यादी ठेवली. नऊही जणींची लग्नं अठराच्या आत उरकली होती.

"यातली राधिका कुठे भेटेल?" साहेबांनी विचारलं.

"सासरी, मेहकरले. सोळाव्या वर्षीच देली तिले. मी तिच्या बापाच्या पाया पडली, तरी आयकलं नाही त्यानं. आता कडेवर लेकरू हाय. बाकीच्या आठ जणीबी सासरीच हायेत."

"म्हणजे ती गावात राहत नाही. गाव सोडून गेलेल्या मुली पाहणीत धरायच्या नाहीत, असा नियम आहे." साहेबांनी नऊही नावांवर शांतपणे रेघ ओढली.

सुचिताचं डोकं सणकलं. "अवो साहेब, लगन झालं का पोरगी गाव सोडतेच ना! जिचं वाटोळं झालं तिलेच खोडता, मंग तपासता तरी काय?"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

 

महिन्याभरानं अहवाल आला: "पाहणी केलेल्या एकवीस मुलींपैकी एकीचंही लग्न अठराच्या आत झालेलं नाही. योजना शंभर टक्के यशस्वी."