सब्जाला पाणी

मे महिन्यात गोल्फच्या मैदानावरचं गवत इसूफच्या जिवावरच तगायचं. गोल्फ शिकणाऱ्या डॉक्टरसाहेबांची काठी आजही चेंडूऐवजी जमिनीत घुसली आणि गवताचं ढेकूळ उडालं.

"नजर चेंडूवर ठेवा की साहेब, हीर न्हाय खणायची!" इसूफनं ढेकूळ जागेवर दाबून पाणी शिंपडलं. "सोलापूरचं ऊन हाय. एक दिवस पाणी चुकलं की गेलंच."

संध्याकाळी पुण्याहून आलेल्या मुलाला घेऊन तो कब्रस्तानात गेला. बायकोच्या कबरीवर त्यानंच लावलेला सब्जा वाळून काड्या झाला होता. महिनाभर कामाचं निमित्त सांगून इसूफ इकडे फिरकलाच नव्हता.

"अब्बा, ह्याला रोज पाणी लागतं का?" अतीकनं विचारलं.

तीस वर्षं माळीकाम केलेला इसूफ खाली बघत म्हणाला, "मला काय ठाऊक, बेटा."