उभ्या गाडीचं पेट्रोल

"इंजिनात काही खोट नाही," मेकॅनिकने बॉनेटमधून डोकं बाहेर काढत जाहीर केलं. स्वतःचाच रिपोर्ट चांगला आल्यासारखा वडिलांचा चेहरा उजळला. मुलाचा पडला.

"मग लिटरला नऊच का देते? कंपनी चौदा म्हणते."

"कंपनीला म्हणायला काय जातंय! पण बारा तरी द्यायला हवेत." मेकॅनिकने फडक्याला हात पुसले. "आणि चालताना बारा देते. मी चालवून बघितली. म्हणजे ही उभ्या उभ्या पितेय."

"गळती?"

"थेंबभर नाही. कोणीतरी इंजिन चालू ठेवून गाडी उभी करतंय. रोज, आणि बराच वेळ. काका, तुम्ही का?"

काकांना एकाएकी पुढच्या टायरमध्ये फार रस वाटू लागला. ते खाली वाकले.

गाडी लाल होती, बुटकी होती आणि दोनच माणसांची होती. तिच्यात बसताना जमिनीशी सलगी करावी लागे आणि उतरताना गुडघ्यांची मनधरणी. डिकीत एक कलिंगड आणि एक छत्री मावत असे. छत्र्या दोन झाल्या, की कलिंगड मांडीवर. वडिलांनी सगळी हयात वजनमापं तपासण्यात घालवली होती. दुकानदारांचे तराजू, पंपावरची पेट्रोलची मापं, सगळी. अशा काटेकोर माणसाने निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच महिन्यात ही गाडी आणली, तेव्हा घरच्यांनी आधी त्यांचा रक्तदाब मोजला. शोरूममध्ये त्यांनी ॲव्हरेज विचारलं नव्हतं, किंमतही पाडून मागितली नव्हती. एवढंच विचारलं होतं, "सीट नक्की दोनच ना?" विक्रेत्याने ओशाळून हो म्हटलं. वडिलांनी तिथल्या तिथे चेक फाडला.

गाडी मात्र आईच्या नावावर घेतली. का, असं विचारलं की ते "टॅक्स" म्हणत आणि खोलीतून निघून जात.

पहिल्याच दिवशी आईने हातात पिशवी घेऊन गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या होत्या. "अहो, मागचं दार कुठाय?" तिने विचारलं होतं. हा किस्सा मुलगा अजून मित्रांत सांगतो. हमखास हशा येतो.

आज तो तयारीनिशी आला होता. ही गाडी देऊन सात सीटची, लिटरला अठरा देणारी शहाणी गाडी घ्यायची, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. बारा वाजता शोरूमचा माणूस किल्ली न्यायला येणार होता. वडील तीन दिवस भांडून थकले होते. आता फक्त आईची सही हवी होती, आणि आईची त्याला काळजी नव्हती. आई म्हणजे साबणाचा झिजलेला तुकडा नव्या वडीला चिकटवणारी बाई.

त्याने शेजारी उभ्या असलेल्या आईपुढे कागद गाडीच्या टपावर पसरले. टप टेबलाएवढाच उंच होता. गाडीचा तेवढा एक उपयोग त्यालाही मान्य होता.

"आपली जुनी गाडी आठव आई. आजी पुढे, कारण तिचे गुडघे. मग आत्या पुढे, कारण तिला गाडी लागायची. मग माझे पाय लांब झाले, म्हणून मी पुढे. मागे तुम्ही सगळे कोंबलेले. काय धमाल यायची!"

"हो ना," आई पेन हातात घेत म्हणाली. "तुझ्या बाबांचं टक्कल मला त्यांच्याआधी दिसलं."

"आता कोंबायला नको. सात सीट आहेत. तू मागे खिडकीपाशी बस, मस्त ऐसपैस."

सहीच्या फुलीवर टेकलेलं पेन तिथेच थांबलं.

"मेकॅनिक म्हणतोय ते खरंय," आई म्हणाली. "आम्ही फिरून घरी येतो आणि गोष्ट निम्मीच झालेली असते. मग फाटकापाशी बसून पुरी करतो. इंजिन बंद केलं की एसी बंद. आणि काच उघडली की शेजारी ऐकतात."

"अगं, मग घरात येऊन बोला ना! घर आहे की आपल्याला!"

"घरात त्यांच्यासमोर पेपर असतो आणि माझ्यासमोर गॅस."

मेकॅनिक बॉनेट लावणार होता. आवाज होईल म्हणून त्याने ते तसंच धरून ठेवलं.

मुलाने कपाळावर हात मारला. "दोन माणसं आणि लिटरला नऊ! वर ते टायर, वर तो विमा. एका सर्व्हिसिंगच्या पैशात माझी गाडी वर्षभर चालते. आई, तूच सांग, या गाडीत ठेवलंय तरी काय?"

आईने पेनाला टोपण लावलं आणि वडिलांकडे पाहिलं. ते अजून टायरशी वाकलेले होते, पण त्यांचा कान लाल झाला होता.

"काय ठेवलेलं नाही ते बघ," ती म्हणाली. "मागची सीट."